फाटकातून येणाऱ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे

घराबाहेर कॅमेरा लावायचं ठरलं की सल्ला देणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, "किती मेगापिक्सेलचा घेणार?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. काही घडल्यावर रेकॉर्डिंग उघडून बसू तेव्हा आपल्याला नेमकं काय दिसायला हवंय, हे आधी ठरवायला हवं. कोणीतरी आलं होतं एवढं कळलं तरी पुरेल, की आलेला माणूस कोण होता हेही कळायला हवं? या दोन गरजांसाठी कॅमेऱ्याची जागा वेगळी असते आणि लेन्सही वेगळी लागते.

मला हे पटलं ते एका नातेवाइकांच्या अंगणातून सायकल चोरीला गेली तेव्हा. कॅमेरा होता, रेकॉर्डिंगही होतं. माणूस आत आला, सायकल उचलली, बाहेर गेला, सगळं व्यवस्थित टिपलेलं. चेहऱ्याच्या जागी मात्र फिकट ठिपका. कितीही मोठं करून पाहिलं तरी नुसते चौकोन मोठे होत होते. त्याच कॅमेऱ्याचं आणखी एक दुखणं होतं. अंधार पडला की तो अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि दिवसा अगदी ठणठणीत चालायचा. तो कॅमेरा बसवून देणारा शेवटपर्यंत कॅमेऱ्यालाच दोष देत राहिला. माझ्या घरी कॅमेरे लावायची वेळ आली तेव्हा या दोन्ही गोष्टींची कारणं नीट समजून घेतल्याशिवाय भिंतीला भोक पाडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

तारेचाच कॅमेरा घ्यायचा, याबद्दल मनात शंका नव्हती. बॅटरीवर चालणारे कॅमेरे वीज वाचवण्यासाठी झोपलेले असतात. हालचालीची चाहूल लागली की जागे होतात आणि मग रेकॉर्डिंग सुरू करतात. त्या जागं होण्यात सुरुवातीचे मोलाचे क्षण हातचे जाऊ शकतात, आणि माणूस आत येतानाचा चेहरा नेमका त्या क्षणांत असतो. नंतर उरते ती पाठ. शिवाय वायफाय मुद्दाम बंद पाडता येतं, त्यासाठी फार मोठं ज्ञान लागत नाही. एक गोष्ट इथे सांगून ठेवते: खोक्यावर 'वायर्ड' लिहिलेलं असलं तरी आतला कागद वाचावा. काही कॅमेऱ्यांना तार असते ती फक्त विजेची, चित्र मात्र वायफायनेच जातं. मला हवा होता पीओईवर चालणारा कॅमेरा, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. घरात आधीच कोअ‍ॅक्सियल केबल (टीव्हीच्या केबलसारखी गोल, जाड तार) टाकलेली असेल तर ती उपटायची अजिबात गरज नाही. डीव्हीआर नावाच्या रेकॉर्डरवर चालणारे एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे त्याच केबलवर चांगलं चित्र देतात. माझ्याकडे भिंती कोऱ्या होत्या, म्हणून मी नेटवर्क केबलच्या बाजूने गेले.

आता मुख्य मुद्दा, लेन्सचा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं चीज झालं.

व्हिडिओ देखरेखीसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत एक फार उपयोगी हिशेब दिलाय. ज्या जागी माणूस उभा आहे त्या जागेच्या एक मीटर रुंदीला चित्रात किती पिक्सेल मिळतात, ते मोजायचं. २५ पिक्सेल मिळाले तर तिथे कोणीतरी आहे एवढं कळतं. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची असेल तर २५० हवेत. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की जाहिरातीतल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळून पडतात.

माझ्या ओसरीच्या भिंतीपासून फाटक ९ मीटरवर आहे. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत २.८ मिमीची लेन्स बसवलेली येते. ती आडवी साधारण १०५ अंश पाहते, म्हणजे ९ मीटरवर सुमारे साडेतेवीस मीटर रुंदीचा पट्टा चित्रात बसवते. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २६८८ पिक्सेल. भागाकार केला की मीटरला ११४ येतात. माणसाचा चेहरा १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला जेमतेम १८ पिक्सेल. नातेवाइकांकडचा तो फिकट ठिपका म्हणजे हेच १८ पिक्सेल होते. मग ८ मेगापिक्सेलचा घेतला तर? रुंदी ३८४० पिक्सेल, मीटरला १६३, चेहऱ्याला २६. मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी चेहरा दीडपटसुद्धा रुंद झाला नाही. आता तोच ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिमीच्या लेन्ससह घ्या. ती साधारण ५४ अंश पाहते, ९ मीटरवर सव्वानऊ मीटरच्या आतबाहेर रुंदी, मीटरला २९० च्या वर पिक्सेल आणि चेहऱ्याला ४७. काम झालं. पैसे मेगापिक्सेलवर घालवण्याऐवजी लेन्स अरुंद घेतली की चेहरा हाती लागतो.

अर्थात अरुंद लेन्सला बाकीचं अंगण दिसत नाही. ही किंमत मोजावीच लागते. एकाच कॅमेऱ्याने सगळं अंगणही दिसावं आणि फाटकातला चेहराही ओळखू यावा, ही अपेक्षाच सोडून द्यावी. मी दोन कॅमेरे ठरवले: एक ६ मिमीचा, फक्त फाटकासाठी, आणि एक २.८ मिमीचा, कोण कुठून कुठे गेलं ते दाखवायला. दुसरा अशा जागी बसवला की त्याच्या चित्रात पहिला कॅमेराही येतो. पहिल्याला कोणी हात लावला तर तेही टिपलं जाईल.

नेमकी जागा ठरवायला फोनचा फार उपयोग झाला. शिडीवर चढून, जिथे कॅमेरा बसवायचा तिथे फोन धरून फोटो काढायचे. फोनची मुख्य लेन्स साधारण ४ आणि ६ मिमीच्या मधलं दृश्य दाखवते, त्यामुळे अंदाज चांगला येतो. उंची मी जमिनीपासून पावणेतीन मीटर ठेवली. लोक कॅमेरा हाताला लागू नये म्हणून थेट गच्चीच्या कठड्याला लावतात, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये टोप्या आणि डोक्याचे भोवरे दिसतात. माणूस जितका कॅमेऱ्याजवळ येतो तितका वरून पाहण्याचा कोन उभा होत जातो, हे लक्षात घेऊनच उंची ठरवावी.

कॅमेऱ्याच्या बाकीच्या गुणांत माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा सेन्सरचा आकार. १/२.८ इंची सेन्सरपेक्षा १/१.८ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे दुप्पट असतं. तेवढेच पिक्सेल मोठ्या जागेत पसरले की प्रत्येकाला जास्त उजेड मिळतो आणि रात्रीचं चित्र स्वच्छ येतं. लेन्सचं छिद्रही पाहावं: एफ१.६ च्या तुलनेत एफ१.० ची लेन्स अडीचपट उजेड आत घेते. आकारात मी टरेट प्रकार घेतला, बाहेर घुमट नसलेला, डोळ्याच्या बुबुळासारखा, ज्याला विक्रेते आयबॉलही म्हणतात. घुमटाच्या आकाराच्या डोम कॅमेऱ्यावर काच असते, तिच्यावर दव आणि धूळ बसली की आतल्या, अंधारात पाहण्यासाठी असलेल्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड तिथूनच परततो आणि चित्रावर धुकं येतं. लांबट बुलेट कॅमेरा हाताने सहज फिरवता येतो. आयपी६७ आहे का ते पाहिलं. त्यातला ६ म्हणजे आत धूळ अजिबात जात नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आणि ऑनव्हिफ हवंच. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ही व्यवस्था सुरू केली, म्हणून आज एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो. उद्या एखादी कंपनी बंद पडली तरी माझी बाकीची सामग्री वाया जाणार नाही.

आता केबल. माझ्या मते या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त काळजी हिचीच घ्यावी, कारण कॅमेरा पाच-सात वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली केबल कोणी हौसेने बदलत नाही.

केबलवर 'कॅट६' छापलेलं असतं, पण आतली तार कशाची आहे हे त्यावरून कळत नाही. बाजारात सीसीए नावाची केबल सर्रास मिळते, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. मी दोन्ही प्रकारचे हातभर तुकडे मिळवले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सोलले. नुसत्या डोळ्यांना दोन्ही तारा तांबूसच. मग ब्लेडच्या धारेने तार हळूच खरवडली. शुद्ध तांब्याची तार कितीही खरवडली तरी आतून लालसरच राहिली. दुसरीवर दोन-तीन वेळा ब्लेड फिरवताच मुलामा निघाला आणि खाली पांढरी चंदेरी रेघ चमकली. मग दोन्ही तारा बोटांनी मागेपुढे वाकवून पाहिल्या. चंदेरी तार थोड्याच वेळात तुटली, तांब्याची वाकत राहिली. ही परीक्षा करायला काही मिनिटं लागतात, आणि ती केबलचं अख्खं बंडल आणायच्या आधी करावी.

अ‍ॅल्युमिनियम विजेचं वहन तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच करतं. इथेच नातेवाइकांच्या त्या रात्रीच्या दुखण्याचं उत्तर सापडलं. दिवसा कॅमेऱ्याला कमी वीज लागते. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी वाढते. केबल हलकी आणि लांब असेल तर तेवढी वीज वाहून नेताना व्होल्टेज वाटेतच घसरतो, कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, मागणी उतरते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, अंधार पाहून दिवे लावतो आणि परत बंद पडतो. त्यांच्याकडची केबल खरवडून पाहिली तर आत चंदेरीच निघाली. शुद्ध तांब्याची केबल टाकल्यावर तोच कॅमेरा रात्रभर न अडखळता चालायला लागला.

पीओईच्या मानकातही हा वाटेतला खर्च धरलेला आहे. २००३ मध्ये आलेल्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे स्विच (दिव्याचं बटण नव्हे, नेटवर्क केबली जिथे येऊन जुळतात ती पेटी) आपल्या टोकाला १५.४ वॅट देतो, आणि शंभर मीटर केबलच्या पलीकडे १२.९५ वॅट मिळतील एवढीच हमी असते. माझ्या कॅमेऱ्यांना रात्रीसुद्धा याहून बरीच कमी वीज लागते, त्यामुळे हे मानक पुरलं. स्विच मात्र मानकाप्रमाणे चालणाराच घ्यावा. तो वीज सोडण्याआधी पलीकडचं यंत्र पीओईचं आहे की नाही हे तपासून घेतो. 'पॅसिव्ह पीओई' नावाचा प्रकार काही न तपासता सरळ वीज सोडतो, आणि चुकीचं यंत्र जोडलं गेलं तर ते जळू शकतं.

बाहेरून जाणाऱ्या भागासाठी काळ्या जाड आवरणाची, उन्हाने न तडकणारी केबल घेतली आणि तीही पीव्हीसी पाइपातून नेली. विजेच्या वायरिंगपासून अंतर ठेवलं. पाइप टाकतानाच मागच्या दारापर्यंत एक जास्तीचा फाटा काढून ठेवला. पाइपाची कामं एकदाच व्हावीत.

भिंतीतून केबल बाहेर काढायचं भोक आतून बाहेर उतरतं पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी चुकून आलं तरी घराकडे वळत नाही. कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स लावला. केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली मोठा झोल दिला. केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी जमून टपकून जातं, वर चढून बॉक्समध्ये मुरत नाही. बॉक्सच्या कडांना वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरलं, खालची कड मोकळी ठेवली. आत दमटपणाने जे काही पाणी धरेल त्याला बाहेर पडायला वाट हवी. चारही बाजूंनी बंद केलेल्या बॉक्समध्ये पाणी साचून कनेक्टर हिरवे पडलेले मी पाहिले आहेत.

कनेक्टर लावायचं काम मी स्वतः केलं. रंगांचा क्रम टी५६८बी: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवायचा. जोड्यांना असलेला पीळ टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, कारण त्या पिळामुळेच बाहेरची विद्युत गडबड आत येत नाही. पाण्यापासून वाचवणारी टोपी, रबर आणि कडी हे सगळं केबलवर आधी ओवून घ्यायचं आणि मगच कनेक्टर दाबायचा. केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले की पुढे जायचं.

स्क्रू मात्र लगेच आवळले नाहीत. एका काठीला कॅमेरा बांधून, लांब केबल जोडून, ठरवलेल्या जागी तो धरला आणि दिवसा पाहिला, मग रात्रीही पाहिला. धाकटा भाऊ फाटकातून आत-बाहेर करत राहिला आणि मी फोनवर चित्र पाहत होते. रात्री छज्ज्याची कड चित्राच्या वरच्या भागात येत होती. इन्फ्रारेडचा उजेड त्या पांढऱ्या कडेवर आपटून ती लख्ख दिसायची, आणि कॅमेरा तिच्या उजेडाला जुळवून घेत बाकीचं चित्र काळोखं करायचा. दिवसा हे मुळीच जाणवलं नव्हतं. काठी वीतभर खाली आणि पुढे घेतल्यावर कड चित्राबाहेर गेली आणि फाटक उजळलं. मग ती खूण करून भिंतीत भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या आणि कॅमेरा पक्का केला. लेन्सवरची पातळ फिल्म सगळं काम आटपेपर्यंत काढली नाही. ड्रिलची धूळ आणि बोटांचे ठसे रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात फार उठून दिसतात.

यानंतरचं काम लोक बहुतेक करतच नाहीत, म्हणजे रात्रीची सेटिंग. कॅमेरा 'ऑटो'वर सोडला की रात्री तो चित्र जास्तीत जास्त उजळ दाखवायचा प्रयत्न करतो. त्यासाठी शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो. थांबलेलं चित्र पाहिलं तर वाटतं, किती छान दिसतंय. पण माणूस चालत असतो. साधारण चालीने तो सेकंदाला १.४ मीटर जातो, म्हणजे १/२५ सेकंदात साडेपाच सेंटिमीटरहून जास्त सरकतो. माझ्या फाटकाच्या हिशेबात ते १६ पिक्सेल झाले. ४७ पिक्सेलचा चेहरा १६ पिक्सेल फासला गेला तर नाक कुठे आणि डोळे कुठे? एवढा खटाटोप करून घेतलेली लेन्स तिथे फुकट जाते. मी शटर जास्तीत जास्त १/१०० सेकंदावर बांधून टाकलं. आता तोच चालणारा माणूस ४ पिक्सेल फासला जातो आणि चेहरा शाबूत राहतो.

चित्र अर्थातच गडद झालं. त्यावर उपाय सेटिंगमध्ये शोधायचा नाही, उजेड वाढवायचा. फाटकाच्या खांबावर, कॅमेऱ्याच्या डोळ्यात थेट येणार नाही असा एक छोटा एलईडी दिवा लावला. त्या उजेडात कॅमेरा रात्रीसुद्धा रंगीत चित्र देतो, आणि शर्टचा रंग, पिशवीचा रंग या गोष्टी पुढे ओळख पटवताना फार कामाला येतात. दिवा नको असेल तर इन्फ्रारेडचे दिवे आहेतच. ८५० नॅनोमीटरचे लांबवर पोचतात, पण जवळून पाहिलं तर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, त्यांचा पल्ला मात्र कमी पडतो.

सकाळी सूर्य फाटकामागून वर येतो, त्या वेळी आत येणारा माणूस नुसती काळी आकृती दिसायचा. डब्ल्यूडीआर चालू केल्यावर चेहरा उजळला. हे तंत्र कमी-जास्त उजेडाची चित्रं एकत्र करून एक चित्र बनवतं, म्हणून रात्री हलणाऱ्या माणसाच्या मागे सावलीसारखी दुसरी कड दिसू शकते. दिवसा चालू आणि रात्री बंद, असं वेळापत्रक लावून दिलं.

कॅमेरे दिसायला लागले तशा शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "अगं, यात आमची खिडकी दिसते का गं?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना घरात बोलावलं आणि चित्र दाखवलं. रुंद लेन्सच्या कॅमेऱ्यात त्यांच्या खिडकीचा कोपरा खरोखरच येत होता. त्यांच्यासमोरच त्या भागावर प्रायव्हसी मास्क काढला. हा काळा चौकोन कॅमेऱ्यातच चित्रावर बसतो, त्यामुळे झाकलेला भाग रेकॉर्डमध्ये जातच नाही, मागाहून उघडूनही पाहता येत नाही. "आणि बोलणं ऐकू जातं का?" काकूंनी विचारलं. मी माइक बंद करून दाखवला. कुंपणापाशी उभं राहून दोन घरची माणसं बोलतात, ते माझ्या डिस्कवर साठावं असं मलाही वाटत नव्हतं. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय की घरावर लावलेला कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही. कायदा ठिकाणागणिक वेगळा असेल, पण शेजाऱ्याची खिडकी आपल्या चित्रात नसावी, यासाठी कायद्याची वाट पाहायची काय गरज?

रेकॉर्डिंगचा हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट दिले तर दिवसाला ४३ जीबी लागतात. दोन कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क म्हणजे सुमारे तेवीस दिवस. मी सतत रेकॉर्डिंग ठेवलंय. हालचाल झाली तरच टिपायचं म्हटलं तर काय महत्त्वाचं हे यंत्र ठरवणार, आणि तारेचा कॅमेरा घेण्यामागचा अर्धा हेतूच जातो. माणूस ओळखणारं तंत्र फक्त फोनवर सूचना पाठवण्यासाठी आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या वेळेवर खूण ठेवण्यासाठी वापरते. डिस्क देखरेखीसाठी बनवलेलीच घेतली, कारण तिला रात्रंदिवस लिहीत राहायचं असतं. स्विच, रेकॉर्डर आणि राउटर एकाच यूपीएसवर आहेत. कॅमेऱ्यांची वीज स्विचमधूनच जात असल्याने घरातली वीज गेली तरी बाहेरचे दोन्ही कॅमेरे चालू राहतात.

घड्याळ विसरू नये. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं लावून ठेवलंय. वीस मिनिटं मागे असलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून दाखवायला गेलं तर पहिली शंका तिथेच निघते. आणि एक छोटी क्लिप पेनड्राइव्हवर काढून ती दुसऱ्या संगणकावर चालते का, हेही शांत वेळी करून पाहिलं. गरज पडेल तेव्हा डोकं ठिकाणावर असेलच असं नाही.

सुरक्षेसाठी लावलेलं यंत्रच चोरवाट होऊ शकतं, हे मला फार गंभीर वाटतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांनी ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याने काही अचाट युक्ती केली नव्हती. कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले साठेक नाव-पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने डाइन (Dyn) या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नसेल. म्हणून पहिल्यांदा चालू करतानाच प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा, लांब पासवर्ड दिला. राउटरवर यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय, बंद केलं, बाहेरून थेट आत येणारा एकही पोर्ट उघडला नाही. बाहेरगावी असताना घर पाहायचं असेल तर आधी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने, घरच्या नेटवर्कमध्ये शिरते आणि मग चित्र उघडते. कॅमेरे घरातल्या संगणकांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवले आहेत. बाहेरच्या भिंतीवरची केबल कोणी काढून लॅपटॉपला जोडली तरी त्याच्या हाती घरातलं काही लागू नये.

आता देखभाल तेवढी राहते. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात आणि लेन्ससमोर जाळी विणतात. रात्री ती जाळी इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या दोरखंडासारखी दिसते. मऊ कपडा काठीला बांधून अधूनमधून फिरवते. त्याच वेळी आदल्या आठवड्यातला कुठलाही एक तास उघडून रेकॉर्डिंग खरंच होतंय का ते पाहते.

मागच्या दारासाठी काढून ठेवलेला पाइपाचा फाटा आता वापरायचा आहे. तिथे भिंतीपासून दारापर्यंत जेमतेम ४ मीटर अंतर आहे. फाटकासाठी जी २.८ मिमीची लेन्स बाद केली, ती तिथे मीटरला २५८ पिक्सेल देते आणि दोन्ही कोपरेही दाखवते. तेव्हा तिथे तोच ४ मेगापिक्सेलचा, रुंद लेन्सचा कॅमेरा बसेल. केबल खरवडून पाहून ठेवली आहे.